सजवलेला अहवाल

घनसावंगीच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आले आणि मी तज्ज्ञ झालो. पात्रता एकच: मला रंगीत अक्षरं कमानीसारखी वाकवता यायची. स्नेहसंमेलन असो की शोकसभा, माझ्या सूचनेतली अक्षरं वाकलेलीच.

त्या वर्षी तपासणी समिती येणार होती. इतिहासाच्या मॅडम पूर्ण अंध. त्यांनी नुसते हारतुरे द्यावेत, असं प्राचार्यांचं मत. मॅडमनी भांडून अहवाल सादर करायचं काम मागून घेतलं. कॉम्प्युटर मजकूर वाचणार, त्या इअरफोनमधून ऐकून बोलणार. अहवाल टाइपही त्यांनीच केला आणि प्रत्येक मथळ्याला वर्डमधली हेडिंगची स्टाइल लावली.

"सर, मथळा नुसता ठळक केला तर मशीनला कळत न्हाई," त्या मला म्हणाल्या. "स्टाइल लावली की एक बटण दाबून थेट पुढच्या मथळ्यावर जाता येतं. समितीनं मधलंच काही विचारलं तर जल्दी सापडाया पाहिजे."

मी मान डोलावली. अंध बाईसमोर मान डोलावणारा तज्ज्ञ!

आदल्या दिवशी प्राचार्यांनी फाईल पाहिली. "लय साधं वाटून राह्यलं, सर. जरा सजवा की!"

मी मॅडमना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या. सगळे मथळे पुसले, त्यांच्या जागी माझी वाकडी अक्षरं चित्रासारखी बसवली. कडेनं गुलाब.

प्रास्ताविक मॅडमना पाठच होतं. ते झकास झालं. मग समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "वसतिगृहाचं काय?"

मॅडमनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. एकही मथळा सापडेना. शेवटी इअरफोन उपसून त्यांनी आवाज सभागृहात सोडला.

"ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक," मशीन म्हणालं. चित्रातली अक्षरं त्याला वाचता येत नव्हती.

"माझ्या फाईलला हळद कुणी लावली?" मॅडमनी विचारलं.

लोक हसले. प्राचार्य कौतुकानं म्हणाले, "आमच्या सरांनी! सर, आता तुम्हीच वाचा. मॅडमला तरास नको."

"मला कसला तरास? दहा मिनिटं द्या, मी मथळे बराबर करते."

पण अध्यक्षांना जेवणाची घाई होती. मॅडमनी खुर्ची सोडली. मी उठून, त्या खुर्चीवर बसून, अहवाल खणखणीत वाचला. अध्यक्ष म्हणाले, सजावट सुंदर आहे.

"थँक्यू सर," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं.