आमच्याही मनाला आजार होतो

"ये डिप्रेशन की गोली है ना?"

बडी मॅडम स्टाफरूमच्या मधोमध उभी. हातात माझं गोळ्यांचं पाकीट. डबा काढताना ते पिशवीतून खाली पडलं होतं. मॅडमनं उचललं, मोबाइलवर नाव शोधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. मॅडम म्हणजे शाळेच्या मालकाची बायको. मध्य प्रदेशात बालाघाटातली मोठी प्रायव्हेट शाळा. मी तिथं सहावीला गणित शिकवायचे.

"हौ," माझ्या तोंडून निघालं. मग घाईनं म्हटलं, "जी मैडम."

ती हसली. "तुम लोगों में ये बीमारी कब से होने लगी? फीस माफ, स्कॉलरशिप, सब तो मिलता है. उदास होने का टाइम कहाँ से मिल गया?"

तुम लोग. म्हणजे कोण, ते तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी डब्यात पाहिलं, कुणी खिडकीबाहेर. एक सर हसले.

मी हात जोडले. "सॉरी मैडम." आजारी असल्याबद्दल माफी मागितली मी. जोडलेले ते हात अजून डोळ्यांपुढं येतात.

त्या दिवसापासून गोळी बंद केली. वाटलं, मॅडमचं खरंच असेल. माझी आई जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत वाकून धानाची रोवणी करत आली. मी पंख्याखाली उभी राहून शिकवते. मला कसलं दुःख? मी आळशी असेन. नाटकी असेन.

फणी उचलली की मॅडमचा आवाज यायचा. भात पुढ्यात आला की यायचा. फळ्याकडं तोंड केलं की वाटायचं, पाठीमागं तीच उभी आहे. मग शाळेत जाणंच होईना. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. वैनगंगेच्या पुलावरून जायचं टाळायला लागले. पाणी दिसलं की तिथून पाय निघत नसे.

तेही शेवटी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले तिचे.

"मले तुहा आजार समजत नाही बाई," ती म्हणाली. "पण मलेबी झालतं असं. तुहा बाप गेला तवा. किती दिवस कोणासंग बोललीच नाही मी. लोक म्हणे, बाहेरचं लागलं. मले कोणी दवाखान्यात नेलं नाही."

एवढं बोलून ती पुन्हा निवडायला लागली. म्हणजे आमच्यात हा आजार होताच. त्याला नाव तेवढं कुणी दिलं नव्हतं.

सकाळी आईच मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. उत्साह येईल मग उठू, असं म्हणत बसू नका. आधी हात हलवा.

तेव्हापासून उठल्याबरोबर अंथरूण गुंडाळून शेजारच्या काकूंकडं ठेवून यायला लागले. घरात राहिलं तर मी परत त्याच्यात शिरते. मग वॉर्डातल्या बुद्धविहाराचं अंगण झाडायचं, उन्हात. कधी नुसता झाडू धरून उभी राहायचे. आनंद वगैरे काही वाटला नाही. अंगण स्वच्छ व्हायचं, एवढंच. वाईट दिवशी फक्त आंघोळ. त्याहून वाईट दिवशी तोंड धुवायचं आणि आईला सांगायचं, आज लई वाईट आहे. ती म्हणायची, "हौ. बस माह्याजवळ."

शाळेत परत गेले तर मॅडमनं ऑफिसात बोलावलं. "लिख दो, घर के काम से छोड़ रही हूँ. तुम्हारी ही इज़्ज़त रहेगी."

या वेळी मी हात जोडले नाहीत.

"नहीं लिखूँगी. बीमार हूँ, इलाज चल रहा है. पढ़ाती ठीक हूँ. निकालना है तो आप निकालिए, कारण भी आप लिखिए."

"ज़ुबान चलाती है?"

"जी."

त्यांनी काढलं. कारण लिहिलं नाही.

आता विहाराच्या खोलीत वॉर्डातल्या पोरांची शिकवणी घेते. मॅडमचा आवाज डोक्यातून गेलेला नाही. जाईल की नाही, डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.

परवा एका पोरीची माय आली. "ताई, काल क्लास काहून नव्हता?"

"मन आजारी होतं. उठता नाही आलं."

ती माझ्याकडं बघत मागं सरकली. दुसऱ्या दिवसापासून पोरगी यायची बंद.

आई म्हणाली, "ताप होता म्हटलं असतं तं काय बिघडलं असतं?"

"नाही म्हणणार मी."

आणखी पोरी कमी होतील. होऊ देत. जो विचारेल त्याला मी हेच सांगीन, भर रस्त्यात, मान वर करून. ताप होता, असं माझ्या तोंडून निघणार नाही.