मास्टरकींचं कुलूप

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाला लागून, चार फूट रुंदीच्या एका खणात चाळीस वर्षं एक गृहस्थ कुलपं दुरुस्त करत बसत. त्यांचं खरं नाव फक्त बायकोला ठाऊक, आणि ती ते घेत नसे. बाकी सगळे त्यांना मास्टरकी म्हणत. माणूस तसा गरीब, पण कुलपाचा विषय निघाला की अंगात यायचं. एकदा बँकेची तिजोरी अडली तेव्हा साहेब स्वतः गाडी घेऊन त्यांना न्यायला आले होते. ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की चष्मेवाला ती त्यांच्याआधी पूर्ण करायचा.

बायकोचे डोळे मात्र वर्षभरापासून जात चालले होते. कडेकडेने अंधार आत सरकत होता. समोर, मधोमध, बशीएवढं काय ते दिसायचं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. सहा महिने, फार तर आठ, म्हणाले. जे बघायचं ते बघून घ्या.

तिला एकच गोष्ट बघायची होती. तिचे वडील मालवाहू बोटीवर होते. ते सांगायचे, खूप आत गेलं की जमीन दिसेनाशी होते, चहूकडे नुसतं पाणी, आणि बडबड्यातला बडबड्या माणूसही गप्प होतो. किनारा तिने पाहिला होता. तिला ते आतलं पाणी बघायचं होतं. लेकीने धावपळ करून चार दिवसांच्या क्रूझची तिकिटं काढली. मोसमातली शेवटची फेरी. सकाळी दहाचं विमान, दोन तासांत बंदराचं शहर, दुपारी चारपर्यंत बोटीवर चढायचं.

बॅगेला बाजारचं कुलूप लावायचं म्हटल्यावर मास्टरकींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन दिवस खपून त्यांनी स्वतः एक पितळी कुलूप घडवलं. निघायच्या सकाळी टॅक्सी दुकानापाशी थांबवली, कुलूप बॅगेला लावलं, दाबलं, दोनदा ओढून पाहिलं आणि शटर खाली घेतलं. दुकानाची शिस्त अशी की काम संपलं की किल्ली फळीवरच्या खिळ्याला. गिऱ्हाईक येऊन मागेल तेव्हाच ती खाली यायची. हाताने चाळीस वर्षांच्या सवयीने तेच केलं. डोक्याला पत्ताच नाही.

विमानतळावर रांगांमागून रांगा. बायको त्यांचा कोपर धरून चालत होती, आणि मागचे लोक तिच्या चालीवर चुकचुकत होते. बॅग पट्ट्यावरून आत गेली. मग फलक बदलला: दहाचं विमान एक वाजता. कारण कोणी सांगेना. तरी वेळ होता. मास्टरकी बोटांवर तास मोजत बसले. साडेअकराला त्यांच्या नावाचा पुकारा झाला.

तपासणीच्या खोलीत बॅग टेबलावर होती. तरुण अधिकारी नीटच बोलला. "काका, आत लोखंडाचं काहीतरी दिसतंय. जरा उघडता का?"

मास्टरकींनी शर्टाचा खिसा चाचपला, पँटचा चाचपला, आणि खिळा डोळ्यांसमोर आला.

"हरकत नाही," अधिकारी म्हणाला. "कटर आणतो. दोन मिनिटांचं काम."

"तोडणार?"

"अहो, तोडू द्या ना," बायको म्हणाली.

तिथे या गृहस्थाने गप्प बसायचं होतं. दोन मिनिटं. पण स्वतःच्या हातचं कुलूप कोणीतरी कटरने चावून टाकणार, हे त्यांना सोसवेना. त्यांनी बायकोच्या केसांतली पिन काढली, वाकवली, कुलपाशी कान नेला. मनात वीस मोजावेत एवढ्यात खट्ट. बॅगेत कपड्यांखाली कानस, चिमटे आणि बारीक हुकांचा जुडगा होता. त्याशिवाय चार दिवस करमलं नसतं म्हणून घेतलेला.

अधिकारी जुडग्याकडे बघत राहिला. "हे कुठे शिकलात, काका?"

आणि मास्टरकी खुलले. चाळीस वर्षांत इतकं मन लावून कोणी विचारलं नव्हतं. बँकेची तिजोरी सांगून झाली. मग आतल्या पोलादी दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "हे तुमचं ना, तीन मिनिटं. पैज लावा."

हसलं कोणीच नाही.

मग मोठे साहेब आले. त्यांच्याहून मोठे आले. दुकानाचा पत्ता, परवाना, शेजाऱ्याचा फोन नंबर. चष्मेवाल्याने फोन लवकर उचलला नाही. "माझ्या बायकोला दिसेनासं होतंय हो, आम्हाला बोट गाठायचीय," मास्टरकी सांगत राहिले. साहेब "हो, हो" म्हणत लिहीत राहिले. अडीचला त्यांची माफी मागून सोडलं. विमान दीडलाच गेलं होतं. पुढचं संध्याकाळचं. ही बोट चार दिवस कुठल्याच बंदराला लागणार नव्हती, म्हणजे मागून जाऊन गाठायचीही सोय नाही.

बायको त्यांचा कोपर धरून बाकावर येऊन बसली. तिने कडाकडा बोटं मोडली असती तर मास्टरकींना बरं वाटलं असतं. आपण केलंय ते न फिटणारं आहे, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

चारच्या सुमाराला क्रूझच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. लेकीने रडून-भांडून काहीतरी पदरात पाडून घेतलं होतं. फोन स्पीकरवर होता.

"तुमची तिकिटं पुढच्या मोसमाच्या पहिल्या फेरीवर टाकते. अकरा महिन्यांनी. खोली कुठली देऊ, खिडकीची की आतली? खिडकीच्या दोनच उरल्यात."

"खिडकीची," मास्टरकी घाईने म्हणाले.

"आतली द्या हो ताई," बायको म्हणाली. "खिडकीची दुसऱ्या कुणाला तरी होईल."

"काका, मग आतलीच नक्की ना?"

मास्टरकींनी फोन बाकावर ठेवून दिला. बायकोने हात पुढे केला, चाचपडत फोन शोधला, आणि म्हणाली, "हो, नक्की."