शेंदूरजनाघाटला जाणाऱ्या नायिका

माझ्या साडूंइतका बेडर कादंबरीवाचक अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, आणि अशा माणसाला मी भर सभेत ओळख दिली नाही. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं मी साळसूदपणे लिहितो आहे, असं माझं मलाच वाटत राहील.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्याला त्यांची कापसाची दलाली होती. मी अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचो. मला लेखक मंडळींचा धाक वाटे, त्यांना कोणाचाच वाटत नसे. कापसाच्या गठाणीतून मधलीच चिमूट उपसावी आणि धागा ताणून पाहावा, तशी नवी कादंबरी ते दुकानात उभ्या-उभ्या मध्येच उघडत. "वरचा माल सगळेच बरा ठेवतात, मास्तर. मंधात पाहा!" मी प्राध्यापक झालो तरी त्यांच्या लेखी मास्तरच राहिलो. प्रस्तावना ते कधी वाचत नसत. "ज्याचा माल त्यानंच तारीफ केली, तं दलालानं काय करावं?" एका गाजलेल्या कादंबरीतला नायक खिडकीशी बसून पानंच्या पानं विचार करतो. तिच्यावर त्यांचा अभिप्राय एवढाच: "याले कोणी कापूस वेचाले धाडा रे. झोप तरी लागंल." अलंकारिक भाषेच्या दुसऱ्या एका पुस्तकाबद्दल म्हणाले, "मिठाई लय हाय, भाकर कुठी हाय?" आणि एका भांडखोर सासूची गोष्ट वाचताना मात्र पुस्तक मिटून ताडकन उठले. "ही बाई मी पाह्यली हाय! धामणगावले राह्यते." त्यांचं सगळंच बरोबर असे असं नाही. त्यांनी डोक्यावर घेतलेली एक कादंबरी मला दहा पानांपुढे वाचवली नाही. तसं सांगितल्यावर त्यांनी दोन दिवस माझ्याशी फक्त हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

त्यांची एक खोड मात्र माझ्या जिव्हारी लागे. शेवट पसंत पडला नाही, तर ते शेवटचं प्रकरण सरळ फाडून काढत आणि उरलेलं पुस्तक मला वाचायला देत. पानाचा कोपरा दुमडला तरी ज्याला झोप लागत नाही अशा माणसाला! मी कळवळून विचारलं, "अहो, शेवट?"

"नासका होता. काढला. संत्र्याची नासकी फोड आपण पाव्हण्याले देतो काय?"

साठ सालानंतरची गोष्ट. आमच्या साहित्य मंडळानं पुण्याच्या एका नामवंत कादंबरीकारांना बोलावलं होतं आणि मी मंडळाचा चिटणीस होतो. साडू सकाळच्या गाडीनं आले, आमच्या घरी संत्र्यांची टोपली ठेवली आणि संध्याकाळी सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसले. व्याख्यान झालं. कोणाला काही विचारायचं आहे का, असं अध्यक्षांनी म्हणताच ते उठले. हातात पाहुण्यांचीच कादंबरी, शेपूट तोडलेली.

"साहेब, तुमची बाई खोकली अन् मेली. यंदा वाचल्या तितक्या कादंबऱ्यांतल्या बाया अशाच खोकून मेल्या. आता सुया निंघाल्या, दवाई हाय, लोकं बरे होऊन राहिले. मंग तुमी तिले काहून मारली? पुस्तक संपत नव्हतं म्हून?"

सभागृह हसलं. पाहुण्यांनी पाण्याचा पेला उचलला. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "कोण हो हे गृहस्थ? तुमच्या ओळखीचे?"

मी म्हणालो, "नाही. बाहेरगावचे दिसतात."

माझ्यापुढे मायक्रोफोन होता. त्यानं ते वाक्य इमानानं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं. साडूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, टोपी घातली आणि ते तसेच स्टेशनवर गेले. घरी बायकोनं त्यांच्यासाठी वाढलेलं ताट तेवढं माझ्यासमोर झाकून ठेवलं.

त्यानंतर अकोल्याहून पुस्तकं येणं थांबलं. चांदूर बाजारला एका लग्नात ते भेटले. चारचौघांत मला हात जोडून म्हणाले, "नमस्कार. आपण कुठचे? मी बाहेरगावचा." सगळे हसले. मलाही हसावं लागलं.

दिवाळीच्या सुटीत माफी मागायचीच असं ठरवून मी अकोल्याला गेलो. ते बाजारात गेले होते. मेहुणीबाई, म्हणजे ताई, ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. वर्षभर त्यांना क्षय होता, औषधं चालू होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही. आता चेहऱ्यावर जरा तरतरी आली होती.

"बरं झालं आले," त्या म्हणाल्या. "तुमी कॉलेजात शिकवता, तं मले एक सांगा. आजकालच्या समद्या लेखकांच्या बागा शेंदूरजनाघाटले हायेत काय?"

"का हो?"

"हे मले रोज दुपारी कादंबरी वाचून दाखवतात. कोणतीबी असो, बाई बिमार पडते, अन् शेवटी बरी होऊन शेंदूरजन्याले संत्र्याच्या बागेत राहाले जाते. तेवढं शेवटचं हे पुस्तकात न पाह्यताच वाचतात." आणि पदर तोंडाला लावून हसत म्हणाल्या, "मले काय समजत नाई? पर मी बोलत नाई. ऐकाले बरं वाटते."

मी मुलांना कादंबरी शिकवत होतो. फाटलेली पानं मोजत होतो. ती कोणासाठी फाटली, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. साडू आले तेव्हा माफी मागायची सोडून मी कापसाचा भाव विचारला. "बाहेरगावचे पाव्हणे आले, च्या ठेवा," असं ते आत पाहून ओरडले. निघताना मी कसंबसं म्हणालो, "पुढच्या सभेला या." ते म्हणाले, "तिथी मले कोण ओयखते?"

पण पुढच्या वर्षी ते आले. ताई ठणठणीत झाल्या होत्या आणि त्यांनीच हट्ट धरला. दोघं शेवटच्या रांगेत बसले. अध्यक्ष तेच होते. पाहुण्यांची ओळख करून द्यायला मी उठलो आणि वेगळंच बोलायला लागलो.

"आधी एक ओळख करून द्यायची राहिली आहे. शेवटच्या रांगेतले ते गृहस्थ माझे साडू आहेत. गेल्या वर्षी याच जागेवरून मी त्यांना ओळखत नाही म्हणालो. ते खोटं होतं. त्यांचा प्रश्न मात्र खरा होता, आणि त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही."

अध्यक्षांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि बसलो नाही. मागून ओळखीचा आवाज आला, "शेवट बरा करा, मास्तर!" ताई त्यांची बाही ओढत होत्या.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "माझं चुकलं. तुम्ही बाहेरगावचे नाही. तुम्ही आमचे आहात."