नातीच्या मापाची थंडी

लोकरकाकूंचं खरं नाव काय, हे आठवायला त्यांच्या नवऱ्यालासुद्धा डोकं खाजवावं लागेल. अख्खी गल्ली त्यांना लोकरकाकू म्हणते. पुढच्या खोलीत काचेचं कपाट, कपाटात लोकरीचे गुंडे, आणि खिडकीशी खुर्चीत काकू. सुया चालू झाल्या की काकू अर्ध्या झोपेत जातात. हात आपले टाके घालत राहतात आणि त्या पोचतात कुठल्या कुठे, धुक्याने पुसलेल्या रस्त्यावर, तोंडातून वाफा सोडत शाळेला निघालेल्या मुलांच्या मागे. अशी थंडी पूर्वी खरोखर पडायची. तेव्हा गिऱ्हाइकांमुळे काकूंना जेवायची फुरसत नसायची. हल्लीची थंडी म्हणजे घाईतला पाहुणा, दारातूनच विचारपूस करून परत जाते.

गिऱ्हाइकं गेली, त्याचं काकूंना एवढं नव्हतं. जीव अडकला होता नातीच्या स्वेटरमध्ये. नात जन्मली तेव्हा पिवळ्या लोकरीचा, पुढे बदकं असलेला एवढासा स्वेटर त्यांनी विणला. त्या वर्षी थंडी पडलीच नाही आणि पोर मात्र वाढली. काकूंनी स्वेटर उसवला, नवी लोकर जोडली, मोठा विणला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बदकं वाढता वाढता चांगली गलेलठ्ठ झाली, पण एकाही बदकाला पोरीच्या अंगावर बसायला मिळालं नाही. आता नात म्हणू लागली होती, “आजी, बदकं काय, ती तर लहान मुलांची असतात.” यंदा नाही तर कधीच नाही, हे त्यांना कळून चुकलं.

काकूंचे यजमान वीजकेंद्रात बॉयलरवर होते. जन्मभर कोळसा जाळला आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! अंगाला कोळशाचा वास घेऊन ते अत्तर लावल्याच्या थाटात घरी येत. निवृत्तीनंतर मात्र पेपर वाचता वाचता ते गप्प होत गेले. काकूंनी एकदा अगदी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, “अगं, कोळसा जळला की त्यातला वायू वर हवेत साठत जातो. डोळ्यांना दिसत नाही. उन्हाची ऊब खाली येते, ती तो सहज परत जाऊ देत नाही. आम्ही एकटेच नाही, गाड्या, कारखाने, सगळ्यांचाच त्यात वाटा. तुझी थंडी गेली ती अशी.”

काकूंच्या सुया थांबल्या. हे फार क्वचित घडतं.

“म्हणजे स्वेटरच की हो! स्वेटर स्वतः कुठे गरम असतो? अंगाची ऊब धरून ठेवतो, झालं. तुम्ही अख्ख्या पृथ्वीला घातलात. मग उसवा ना.”

“तो इतक्या लवकर नाही उसवत,” ते म्हणाले आणि पेपरात तोंड लपवून बसले.

पण माणूस मनाचा हळवा. बायकोचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. लेक आणि नात राहायला आल्या होत्या, त्या दुपारी त्यांनी काकूंना मागच्या खोलीशी नेलं. “डोळे मीट,” म्हणाले.

दार उघडलं आणि काकूंच्या कानांना गारवा झोंबला. हातांवर काटा आला. खिडकीची काच धुरकटली होती आणि पलीकडचं जग पुसलं गेलं होतं. नवा एसी सकाळपासून जोरात सुरू होता. खोलीच्या मधोमध पिवळा स्वेटर घालून नात गिरक्या घेत होती. काकूंना वाटलं, आपण खुर्चीतच आहोत, हे सगळं सुयांनी आणलंय. त्यांनी पोरीला कवटाळलं, लोकरीत नाक खुपसलं आणि त्या ढसाढसा रडल्या. इतकं सुख त्यांना पेलवेना.

मग शेजारणीला दाखवायला बोलवावं म्हणून त्या मागच्या दाराने बोळात गेल्या. एसीचं बाहेरचं यंत्र तिथेच भिंतीवर बसवलं होतं. त्याचा गरम झोत सरळ समोरच्या दारात जात होता. दारात शेजारीण डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसली होती, चेहरा लालबुंद.

“अहो काकू, सकाळपासून तुमच्याकडे पेटवलंय तरी काय?”

काकू तशाच आत आल्या आणि त्यांनी बटण बंद केलं.

“एकच दुपार गं,” यजमान कळवळून म्हणाले. “तुझ्यासाठी.”

“कळतंय हो मला.”

काच हळूहळू स्वच्छ झाली. नातीने घामाघूम होऊन स्वेटर डोक्यावरून काढला, पलंगावर टाकला आणि ती बाहेर पळाली. आजोबा त्या रिकाम्या बाह्यांकडे बघत बसले.

“घराघरांत उजेड पोचतोय, एवढंच मला ठाऊक होतं,” ते हळूच म्हणाले.

काकू त्यांना अगदी खेटून बसल्या.

“सगळं एकट्याने अंगावर घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “त्याच उजेडात बसून मी विणत होते ना.”