गरुडातला नवा तारा

आमचे आप्पा कुंभकोणच्या कॉलेजात गणित शिकवायचे. मुलगा नव्हता म्हणून की काय, तारे ओळखायला त्यांनी मला शिकवलं. "दिवा तोच, पण लांब नेला की बारीक दिसतो ना? तसंच फुटणाऱ्या ताऱ्याचं," ते सांगायचे. असे तारे साधारण सारखेच पेटतात, असा त्यांचा कयास. ऐन भरात तो केवढा दिसला हे टिपलं, की किती लांब आहे ते मांडता येतं. भर मात्र एखाद्या रात्रीचाच, आणि तो आपल्या गच्चीवरून सापडावा हा त्यांचा ध्यास. आई चिडवायची, "घरातला तांदूळ संपलेला दिसत नाही, आणि म्हणे तारा दिसणार!"

विलायतेत लढाई चालू होती त्या उन्हाळ्यात तंजावरला लग्न निघालं. नेमकी निघायच्या सकाळीच मी बाहेरची झाले. झालं, सगळं घर गाडीत बसलं आणि मी गच्चीवरच्या खोलीत. आत्या विधवा, तिला लग्नाला कोण नेणार? ती माझ्यापाशी राहिली. जिन्यात पान ठेवायची आणि लांबूनच बोलायची.

दुसऱ्या रात्री जेवून हात धुतले आणि पूर्वेला पाहते तर काय, गरुडाच्या चांदण्यांत, श्रवण ताऱ्याच्या बाजूला, भलताच तारा! श्रवण त्याच्यापुढे फिका. हा पार वर चमकणाऱ्या अभिजित ताऱ्याच्या तोडीचा. मी ओरडलेच, "आत्या, आप्पांची वही आण! लिही लवकर!"

आत्या वही घेऊन धापा टाकत जिन्यात आली. "लिहू काय, कपाळ? मला अक्षर तरी येतं का गं?"

मला येत होतं. पण ती वही दरवर्षी सरस्वतीपूजेला देवापुढे मांडायची, तिला मी शिवणार कशी? दोघी तशाच उभ्या राहिलो. मला इतका संताप आला की रडूच फुटलं. शेवटी कोळसा मागून कठड्यावर लिहिलं: तिथी, देवळातली शेवटची घंटा झाली ती वेळ, अभिजिताएवढा. तिसऱ्या रात्री पाहिलं तर तो उतरू लागला होता. म्हणजे भर मी पाहिला होता! मी एकटीनं!

चौथ्या दिवशी मी विहिरीवर न्हायला गेले. वर येते तो आत्यानं माझी बसायची जागा शेणपाण्यानं स्वच्छ केलेली, कठड्यासकट. अक्षर म्हणून शिल्लक नाही. मी ओल्या कठड्यावरून हात फिरवत अक्षरं शोधू लागले. ती बावरली. "अगं, रीतच नाही का ती? मी काय वेगळं केलं?"

पाचव्या दिवशी आप्पा आले. तोवर तारा श्रवणाहूनही बारीक झाला होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, दोनदा विचारलं, आणि मान हलवली. "वेळच्या वेळी लिहिलेलं नाही ना, पोरी. आठवणीतलं धरत नाहीत." मग त्यांनी त्या रात्रीचा उजेड धरून हिशेब केला. तारा होता त्याहून कितीतरी लांब निघाला. मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं.

महिन्याभरानं एका वेधशाळेतून पत्र आलं. त्यांच्याकडे नेमके ढग होते, त्या रात्री तुमच्या भागात कोणी पाहिला का, असं विचारलं होतं. आप्पांनी ते मला मराठीत वाचून दाखवलं.

"आप्पा, मी पाहिला."

"ठाऊक आहे गं. पण वहीत का नाही, कठडा कोणी धुतला, कशासाठी धुतला, हे त्या साहेबाला मी कसं लिहू?"

माझीच मला लाज वाटली, आणि कशाची ते आजही सांगता येत नाही. आप्पांनी एकच ओळ लिहिली. तेवढं इंग्रजी मला वाचता येत होतं. त्या रात्री येथून कोणीही पाहिला नाही.

पाकिटाला खळ लाव म्हणाले. मी लावली.