जावेच्या जंतूचं नाव

टँकरच्या पाण्यावर काढलेल्या त्या दुष्काळात माझ्या धाकट्या जावेला ताप आला. लातूरच्या दवाखान्यात तिच्या रक्तातले जंतू वाढवून मशीनमध्ये घातले. मशीननं त्यांचे बारीक कण तोलून काही मिनिटांत जंतूचं नाव सांगितलं. औषध बदललं, ताप उतरला.

भेटायला येईल त्याला जाऊ ते इंग्रजी नाव ऐकवायची. मला म्हणाली, "अक्का, माझ्या जंतूचं नाव पाठ झालं का न्हाई?"

मी म्हणाले, "बारसं घाल त्याचं."

त्याच्या कितीतरी वर्षं आधी, लातूर नवा जिल्हा झाला त्या साली, माझी लेक तापानंच गेली. रक्ताचा तपास हाती यायच्या आत आम्ही तिला पुरलं होतं. कोणत्या जंतूनं नेलं, हे मला कुणी सांगितलं नाही. जाऊ बरी झाली तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. मला हेवा वाटला, अजून वाटतो.