वीरप्पाचा उंच पानमळा

जळकोटच्या वीरप्पाला पानमळ्यापेक्षा पानमळ्याची उंची प्यारी होती, आणि त्यात सगळा दोष तहसीलदारांच्या मोटारीचा. निजामाचं राज्य. हैदराबादच्या रस्त्यावर मोटार दिसायची ती क्वचित, आणि ती नेमकी वीरप्पाच्या मळ्यासमोर तापून बंद पडली. साहेब खाली उतरले, घाम पुसत शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेलांकडं बघून म्हणाले, “क्या ऊँची बेलां हैं, पटेल!”

वीरप्पा काही पाटील नव्हता. पण साहेबांची चूक दुरुस्त करणं त्याला बेअदबीचं वाटलं.

तेव्हापासून त्याच्या मळ्यात वेल उतरवणं बंद झालं. पानमळ्याचा रिवाज असा, की उन्हाळ्याच्या तोंडाला वेल शेवरीवरून सोडवायचा, पानं खुडून उघडी पडलेली त्याची लांब दांडी गुंडाळून बुडाशी मातीत पुरायची आणि शेंडा तेवढा पुन्हा झाडाला बांधायचा. वीरप्पाला ही साहेबांनी तारीफ केलेल्या वेलांची हजामत वाटू लागली. दोन वर्षं त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. वेल वाढत गेले आणि पानं लहान होत गेली.

अशात त्याच्या महानंदाची सोयरीक मुरुम गावच्या घरात जमली. भर बैठकीत वीरप्पा बोलून गेला, “माझ्या पोरीच्या लग्नात बाहेरचं एक पान येणार न्हाय. तळहाताएवढं पान देतो एकेकाला!”

बायको महादेवी आत कपाळाला हात लावून बसली. पाहुणे गेल्यावर म्हणाली, “अवो, शेंड्याला उंदराच्या कानाएवढी पानं हायती. तीच वाढणार व्हय वऱ्हाडाला? वेल उतरवा.”

“तुला काय कळतंय? खत कमी पडलंय.”

मग वीरप्पानं बुडाशी पेंड घातली, शेणकाला घातला. शेंडा ढिम्म. तेव्हा त्याच्या शिवभक्त डोक्यात प्रकाश पडला. रोज पहाटे तो पिंडीवर अभिषेक करायचा, तो वरूनच ना? मग वेलाला तरी खालून का? त्यानं शिडी लावली, शेणकाल्याची घागर खांद्यावर घेतली आणि शेंड्यांना अभिषेक सुरू केला. घागर कलंडली. वेलापेक्षा जास्त खत वीरप्पालाच मिळालं, आणि जे थोडं शेंड्यांना लागलं त्यानं कोवळी पानं करपली.

शेजारच्या मळ्यातले म्हातारे शांतलिंगकाका बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसून झाल्यावर म्हणाले, “येड्या, वेल वरून जेवत न्हाय. पान उन्हात घाम गाळतं, म्हणून मुळातलं पाणी वर वढलं जातं. मातीतला कस त्या पाण्यासंगंच चढतोय. तुजी दांडी लांब, जुनी, निबर झालीया. शेंड्याला पोचंस्तवर उरतंय काय? दांडी मातीत घाल. पेरापेराला नव्या मुळ्या फुटतील. शेंड्याच्या जवळ चूल मांड की!”

“आन् काका, उंची?”

“उंची चावून तोंड रंगतंय का रं?”

तरीही वीरप्पाचा जीव होत नव्हता. शेवटी रंगपंचमी झाल्यावर महानंदाच पुढं झाली. ती वेलांच्या गाठी सोडू लागली. मग बापही वाकून दांड्या गुंडाळू लागला. संध्याकाळी मळा गुडघाभर उरला होता.

पण उशीर व्हायचा तो झालाच. अक्षय तृतीयेला लग्न लागलं तेव्हा नवी पालवी नखाएवढी होती. मांडवात पानं आली ती काकांच्या मळ्यातली. व्याह्यांनी विडा तोंडात टाकून मान डोलावली, “झकास पान हाय! तुमचंच न्हवं?”

खोटं बोलायला वीरप्पाची जीभ काही कमी पडणारी नव्हती. पण समोर पोर उभी होती.

“न्हाय. काकांचं हाय,” तो म्हणाला आणि गोठ्यामागं जाऊन रडला. पोरगी सासरी चालली म्हणून बाप रडतोय असं लोकांना वाटलं. तेही खरंच होतं.

नागपंचमीच्या सणाला महानंदा माहेरी आली, ती घरात न जाता आधी मळ्याकडं. बांधावर वहाणा काढल्या, कारण पानमळ्यात कुणी वहाणा घालून जात नाही. वीरप्पा अंगठ्याला लोखंडी नखी चढवून पानं खुडत होता. त्यानं एक पान काढलं, धोतराला पुसलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तळहात दिसेनासा झाला.

रस्त्यावरून मोटारीचा भोंगा वाजत गेला. वीरप्पानं तिकडं मान वळवली नाही.

“अप्पा, वेल केवढा झाला ओ?” तिनं मुद्दाम विचारलं.

एरवी हा माणूस आभाळाकडं बोट दाखवायचा. त्यानं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

“हितवर,” तो म्हणाला, आणि हात तसाच राहू दिला.